गोकुळदासची चवथ

मुळगावचा गोकुळदास आज पंचायतीत कारकून आहे आणि गावात त्याची ख्याती एकच: नको तिथे पाय घालणारा. मला त्याचं नवल वाटत नाही. डिचोलीच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हापासून त्याचा हाच धंदा.

शहाऐंशी साल. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, याचं आंदोलन पेटलेलं. गोकुळदास कट्टर कोंकणीवाला आणि त्याचा जिवलग दोस्त यशवंत तितकाच कट्टर मराठीवाला. यशवंत दोडामार्गाकडचा, त्याचे वडील खनिजाच्या ट्रकावर होते, ते आदल्या वर्षी वारले. दोघे दिवसभर भांडायचे आणि एका ताटात जेवायचे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर गोकुळदासने जेवणघराच्या भिंतीवर कोळशाने ही भलीमोठी घोषणा लिहिली. दोस्त पकडला जाईल म्हणून यशवंत ती पुसायला गेला आणि काळ्या हातांनिशी आमच्या रेक्टरांना, कृष्णनाथ सरांना, आयताच सापडला. शिक्षा ठरली: चवथीला घरी जायचं नाही.

यशवंत पांढराफटक पडला. वडील गेल्यामुळे गेल्या साली त्यांच्या घरी गणपती आला नव्हता. यंदा पूजेला बसणारा घरात तो एकटाच मुलगा. तो गेला नाही तर पाट यंदाही रिकामा आणि आई एकटी.

गोकुळदास धावत जाऊन कबूल झाला. गोष्ट तेवढ्यावर मिटती तर बरं होतं. पण आमची मैत्री उतू चालली होती! "सर, मी लिहिलं," "नाही सर, मी," करत अख्खं वसतिगृह कबूल झालं. ज्याला अक्षर धड काढता येत नव्हतं तोसुद्धा. सरांनी मग कुणावरच विश्वास ठेवला नाही आणि यशवंतची शिक्षा कायम राहिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

सुटी पडली, मुलं घरोघर गेली. माझ्या घरी सुतक होतं, चवथ नव्हती, म्हणून मी राहिलो. आणि गोकुळदास राहिला.

"तूं वचना जाल्यार हांवूय वचना," त्याने यशवंतला बजावलं. तू जाणार नाहीस तर मीही जाणार नाही!

चवथीच्या सकाळी सर पेडण्याला आपल्या घरी निघाले आणि आमच्या खोलीपाशी थबकले. टेबलावर शेतातल्या चिकणमातीचा गणपती, सोंड जरा वाकडी. वर दोरीला रानफळांची माटोळी टांगलेली: सुपारीचा घोस, एक तोरिंग, रानातली कांगलां. यशवंत कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. मी सुतकी, म्हणून दाराबाहेर.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"यशवंताच्या घरचो गणपती, सर," गोकुळदास म्हणाला. "तुमी ताका घरा धाडिनात, म्हणून देवाक हांगा हाडलो." यशवंतला घरी जाता येईना, म्हणून त्याने देवच इथे आणला होता.

सरांनी चपला काढल्या. हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग यशवंतकडे न बघताच म्हणाले, "दोडामार्गाची गाडी लागलीय. पळ."

यशवंत पळाला. आम्ही जिंकलो! गोकुळदासनेही खुशीत आपली पिशवी उचलली.

"तू कुठे?" सर म्हणाले. "बसवलेला देव एकटा टाकून जातात?"

खरंच की. विसर्जनापर्यंत दिवा विझू द्यायचा नसतो, घराला कुलूप लावायचं नसतं. मला तर शिवताही येत नव्हतं. बंडाच्या भरात हे पठ्ठ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने पिशवी खाली ठेवली.

दीड दिवस तो त्या दिव्यापाशी बसला. टाळ नव्हते तर ताटली वाजवून आरत्या म्हटल्या, मलाच चिडवत राहिला. पण बाहेर कुठे फटाके वाजले की खिडकीतून मुळगावच्या रस्त्याकडे बघायचा. मुळगाव तिथून चालत जाण्याइतकं जवळ. त्याच्या घरीही त्या वेळी आरतीच चालली असणार. माझा जीव त्याच्यासाठी तुटत होता.

विसर्जन झालं. दुसऱ्या सकाळी यशवंत परतला, सोबत त्याची आई चंद्रावती, हातात नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा. तिने गोकुळदासला जवळ ओढलं.

"आमच्या घरात दिवो लागलो तो तुझ्यामुळा, झिला." मग त्याचं तोंड निरखत तिने विचारलं, "आणि तुझी आवस? ती वाट बघीत नाय आसतली?"

आईचं नाव निघताच इतका वेळ हसणारा गोकुळदास लहान पोरासारखा हमसून रडला. चंद्रावतीने पदराने त्याचं तोंड पुसलं, त्याचा हात धरला आणि मुळगावच्या गाडीत त्याच्याशेजारी जाऊन बसली.