मी गायले आणि हॉल उठला

आता सांगू तरी कुठल्या तोंडाने? कारण ज्या तोंडाने सांगायचं, त्याच तोंडाने तर सगळा घोळ घातला होता!

मला काय वाटलं होतं, ते आधी सांगते.

शिलाँगहून शिकून मी अंबरनाथला परतले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझ्या मावशीचे यजमान तिकडे नोकरीला, त्यांना मूलबाळ नाही, म्हणून माझी शाळा-कॉलेज सगळं तिकडेच झालं. शिलाँगला काय असतं ठाऊक आहे? दर तिसऱ्या घरात गिटार! कुणी गायला लागलं की चहा ढवळणारा चमचासुद्धा कपात थांबतो. मला वाटलं, आपल्याकडे का नाही होणार असं? लोक चांगलेच आहेत, त्यांना कुणी ऐकवत नाही एवढंच. मग आपण ऐकवू! हॉटेलाहॉटेलात जाऊन ऐकवू! उल्हासनगर ते बदलापूर, एकेका माणसाचा कान घडवू!

आणि सापडलं काय? तव्यावरच्या सुरमईचा चर्रर्र.

म्हणजे मी जीव ओतून गावं, आणि नेमक्या वरच्या सुराला आतून आवाज यावा, चर्रर्र! मागोमाग कुणीतरी ओरडणार, "शंकर, दोन मसाला पापड!" टाळ्या? टाळी वाजायची, नाही असं नाही. ती वेटरला बोलवायला.

आमच्या बॅन्डमध्ये आम्ही तिघं. विलास गिटार वाजवायचा, तोच आमचा म्होरक्या. दिवसा मोरिवलीजवळच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा आणि मला नावाने न बोलावता 'शिलाँग' म्हणायचा. बाळू ड्रमवर. कुळगावचा, घरची भातशेती, हात असा जड की झांजेवर काठी बसली की अर्धा हॉल दचकायचा. आणि आवाज माझा. बेस वाजवायला कुणी नव्हतं, पण आमच्या ॲम्प्लिफायरला जी घरघर होती ना, ती ते काम चोख करायची. गाणी सगळी दुसऱ्यांची. हिंदी सिनेमाची, थोडी इंग्रजी, कॅसेटवर ऐकून जशीच्या तशी बसवलेली. आम्ही स्वतःला बॅन्ड म्हणायचो. पब्लिक आम्हाला ऑर्केस्ट्रा म्हणायचं. वेटर लोक 'ते आवाजवाले' म्हणायचे.

बाबा एका कारखान्यात अधिकारी. मुलगी परमिट रूममध्ये गाते हे त्यांनी कसं पचवलं, ते त्यांनाच माहीत. पण त्यांची अट होती: नऊच्या ठोक्याला मी खाली स्कूटर घेऊन उभा, तू जिन्यावर. गाणं अर्धं असलं तरी. त्यामुळे व्हायचं काय, की कार्यक्रम सुरू कसा होतो हे मला तोंडपाठ; संपतो कसा, हे मी जन्मात पाहिलेलं नव्हतं!

आता मुद्द्यावर येते.

उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत, तीन नंबर कॅम्पात, लालचंदशेठचं हॉटेल होतं. वरच्या मजल्यावर मोठा हॉल. तिथे दर शनिवारी बॅन्ड ठेवायचा त्यांचा विचार होता आणि त्यांनी आम्हाला एक शनिवार परीक्षेला बोलावलं होतं. तोवर आम्ही हळदी, सत्यनारायण, वांगणीला फार्महाऊसवरच्या पार्ट्या, कधी एखाद्या हॉटेलात एखादी संध्याकाळ, असंच काहीबाही करत होतो. बाळूचे वडील वैतागले होते. त्यांनी सांगून टाकलं होतं, की कुठे कायमची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर रविवारी मांडववाला येतोय, ड्रम त्याला देऊन टाकतो. आणि ड्रम गेले की राहिलं काय? एक गिटार, एक मी, आणि घरघर.

म्हणजे त्या शनिवारवर बॅन्डचं जगणं-मरणं होतं!

शेठ काउंटरवरूनच म्हणाले, "हे बघा साईं, मला गाण्यातलं काय समजत नाय. मी एकच गोष्ट बघतो. पब्लिक बसला पायजे. पब्लिक बसला तर तुमी पण बसला. समजला?"

"समजलं शेठ," विलास म्हणाला.

मला मात्र ते फार लागलं. नुसतं बसलं पाहिजे? ऐकलं नको?

हॉल गच्च भरला. आम्ही एकामागून एक सिनेमाची गाणी लावली. पब्लिक बसलं होतं, अगदी शेठना हवं तसं बसलं होतं. माझ्यासमोरच्याच टेबलावर सफारीतले एक गृहस्थ मित्राला आपल्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरची कर्मकहाणी सांगत होते, तीही माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत. मी प्रेमभंगाचं गाणं म्हणतेय आणि मध्येच, "मी त्याला म्हटलं, आधी प्लग काढून बघ!"

माझं रक्त तापलं. शिलाँगचं रक्त, दुसरं काय!

आता एक गाणं होतं. जुनं इंग्रजी, संथ, झोपाळ्यासारखं झुलणारं. दूर गेलेल्या माणसाची कुणीतरी वाट बघतंय असं काहीसं. शिलाँगला मी ते कितीदा म्हटलं होतं! एकदा तालमीत मी गुणगुणले, तर विलासने लगेच थांबवलं. "ते नको. ते शेवटचं."

मला काय वाटावं? चांगलं ते शेवटी राखून ठेवतात, तसंच ना? लाडू आपण पानात शेवटीच खातो! पण मी तर नऊला घरी जाणारी. म्हणजे आमचं सगळ्यात सुंदर गाणं विलास एकटाच गिटारवर वाजवणार आणि मी तोवर स्कूटरवर मागे बसून धूळ खाणार? हा कुठला न्याय?

विलास तार जुळवायला वाकला होता. मी माइक ओढला.

"मित्रहो," मी म्हटलं, "आता मी तुम्हाला माझ्या काळजातलं गाणं ऐकवते."

आणि सुरुवात केली.

तुम्हाला खोटं वाटेल. पहिल्या ओळीलाच हॉल शांत! चमचे थांबले. कार्ब्युरेटर थांबला! सफारीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे पाहिलं. मला वाटलं, अंगावर काटा आला असेल, तो बघताहेत. दुसऱ्या ओळीला त्यांनी हातातला ग्लास एका घोटात संपवला. भावना अनावर झाल्या की माणूस असंच करतो, नाही का?

तिसऱ्या ओळीला ते उभे राहिले.

उभे! गाणं संपायच्या आत! त्यांच्यामागे कोपऱ्यातलं टेबल उभं राहिलं. मग खिडकीजवळचं. शिलाँगलासुद्धा माझ्यासाठी कधी कुणी उभं राहिलं नव्हतं हो! मावशीसुद्धा नाही!

तेवढ्यात हॉलमधले सगळे दिवे लखकन लागले. मी मनात म्हटलं, वा, शेठ रसिक निघाले, गायिकेच्या चेहऱ्यावर उजेड पाडला. मग पंखे बंद झाले. किती तो बारीक विचार, पंख्याचा आवाज गाण्याच्या आड यायला नको! आतला तवासुद्धा थंड पडला. चर्रर्र गेलं! शंकर वेटर भराभर खुर्च्या उचलून टेबलांवर उलट्या ठेवायला लागला. सगळेच उभे म्हटल्यावर जागा नको का करायला?

मी विलासकडे पाहिलं. तो गळ्यावरून आडवा हात फिरवत होता, पुन्हा पुन्हा. आमच्या शाळेतले गायनाचे सर अगदी अशीच खूण करायचे. म्हणजे, गळा मोकळा सोड! मी सोडला.

बाळूने डोक्यावर दोन्ही काठ्यांची फुली धरली होती. ओठ हलत होते. मला वाटलं, बिचारा भारावून वाजवायचं विसरला. खरं तर तो म्हणत होता, "ताय, बस कर गो! सगली चालली!"

दुसरं कडवं मी डोळे मिटून म्हटलं. ते तसंच म्हणायचं असतं.

डोळे उघडले तर समोर एकच श्रोता. शंकर. हातात फडकं, शेजारी बादली. तो अदबीने म्हणाला, "मॅडम, जरा पाय उचलता का?"

बाकी हॉल? रिकामा! माशी नाही!

खाली तर आणखीनच कहर. रिक्षावाले धडाधड किक मारून दाराशी रांगेला लागले होते. पानवाल्याने पानं ओल्या फडक्यात गुंडाळायला घेतली होती. समोरच्या चाळीतल्या बायकांनी, खिडकीतून गाणं ऐकून, नवऱ्यांसाठी तवे चढवले होते. त्या संध्याकाळी तीन नंबर कॅम्पात किती नवरे वेळेवर, ताठ चालत घरी पोचले आणि किती बायकांनी घाबरून त्यांचा ताप पाहिला, ते देवच जाणे.

बाबा नेमके त्या दिवशी लवकर आले. लोटणाऱ्या गर्दीतून उलटं पोहत वर चढले आणि म्हणाले, "काय झालं? धाड पडली का?"

लालचंदशेठ काउंटरमागून सावकाश माझ्यासमोर आले.

"झाला बेटा? का अजून एक कडवा हाय?"

"नाही. दोनच आहेत."

"मेहेरबानी." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला. "साडेआठ वाजले. साडेआठला या हॉटेलात कधी झाडू लागला नाय. आमचा बाप वारला, तेव्हा पण नाय लागला."

"पण झालं काय?" मी विचारलं. मला खरोखरच कळलं नव्हतं! "गाणं आवडलं नाही का?"

विलास स्टेजच्या कडेला डोकं धरून बसला होता. तो म्हणाला, "शिलाँग, ते बंद करायचं गाणं आहे."

"म्हणजे?"

"कल्याण ते बदलापूर, कुठल्याही हॉटेलात जा. ते वाजलं की समजायचं, हॉटेल बंद. किचनवाला गॅस बंद करतो, पब्लिक बिल मागतं, रिक्षा दाराशी येते. कुणाला सांगायला लागत नाही."

आता मी रडायला हवं होतं ना? पण मला भलताच प्रश्न पडला. "हेच का पण? एवढी गाणी असताना हेच कसं ठरलं? कुणी ठरवलं?"

शेठ म्हणाले, त्यांनी हॉटेल घेतलं तेव्हाच हे गाणं हॉटेलाबरोबर आलं. शंकर म्हणाला, आधी कुणी म्हातारा गोवेकर व्हायोलिन वाजवायचा, त्याला झोप आली की तो हे वाजवायचा. बाबासुद्धा विचारात पडले. आमच्या कारखान्याच्या क्लबातही हेच लावतात, म्हणाले, मी समजायचो सेक्रेटरीची आवड.

शेवटी बाळू बोलला. "अगो ताय, सोपा हाय. हिंदी गाना शेवटी घेतला का पब्लिक वन्समोर करतं. मग पुन्ना वन्समोर. हाटेल बंद कवा व्हायचा? या गान्याचा अर्थच कोनाला कलत नाय. वन्समोर कोन मागनार?"

काय सांगू, मला इतकं पटलं ते! आणि पटलं त्याच क्षणी लक्षात आलं, आपण बॅन्ड बुडवला! कारण शेठनी एकच गोष्ट मागितली होती, पब्लिक बसलं पाहिजे. आणि मी अख्खं पब्लिक उठवलं होतं! बाळू ड्रमचे स्क्रू सैल करत होता. नेहमी आवरताना करायचा तसंच, पण जरा जास्तच हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पेपर वाचत होते, मी माफीची वाक्यं जुळवत होते, आणि दारात विलास. खिडकीतून पाहिलं तर खाली बाळू सायकल धरून उभा. वर यायला तयार नाही.

"शेठचा निरोप आहे," विलास म्हणाला. "शनिवार आपला. पक्का."

"काय?"

"अट आहे एक." तो बाबांकडे बघत अडखळला. "शेवटचं गाणं तूच म्हणायचं."

मला हुंदकाच यायचा बाकी राहिला. "म्हणजे त्यांना आवडलं?"

"आवडलं म्हणजे... एरवी तिथे हे टेपवर लावतात ना, तेव्हा लोक उठायला अर्धा तास घेतात. काही टेबलं तर उठतच नाहीत. शेठ हात जोडतात, शंकर पंखे बंद करतो, तरी नाही. वेळ टळली की हवालदार जिन्यात हजर. आणि काल तू गायलीस, तर ग्लास अर्धे टाकून लोक पळाले! तेही साडेआठला, कुणाचं जेवण झालेलं नसताना! शेठ म्हणतात, इतकी वर्षं धंद्यात आहे, असा आवाज पाहिला नाही."

"म्हणजे मी लोकांना हाकलायला गायचं?"

"छे छे, तसं नाही," विलास म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "हो. तसंच."

मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, हे तरी नाही म्हणतील. पेपरामागून आवाज आला, "अकराला येईन मी न्यायला. तुझं गाणं खाली ऐकू आलं की वर यायला नको, समजेल मला."

बघा! घरचेच असे!

खाली बाळूने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. त्याच्या घरी दुपारी मांडववाला येणार होता. मी कान घडवायला आले होते, हे खरं. पण घडवायला आधी बॅन्ड तर उरला पाहिजे!

"ठरलं," मी म्हटलं. "गाईन. पण माझीही अट आहे. दुसरं कडवं गाळायचं नाही. दोन्ही पूर्ण म्हणणार!"

"म्हण की, दोन्ही म्हण," विलास म्हणाला. "आम्हाला वायरी गुंडाळायला तेवढा वेळ लागतोच."