भाऊला ऊन लागलं

राजुऱ्यात मे महिन्यात कोणाला काहीही झालं तरी निदान एकच असतं: ऊन लागलं. डोकं दुखलं, ऊन लागलं. पोट बिघडलं, ऊन लागलं. मोटरसायकल सुरू होत नसेल तर तिलाही ऊनच लागलेलं असतं. त्यामुळे आमच्या कासवानं खाणं सोडलं तेव्हा घरात दुसरा विचार कोणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही, आणि मी तर वाचनालयात नोकरी करते.

हे कासव आमच्याकडे आठ वर्षांपूर्वी आलं. नवऱ्याच्या खाणीतल्या एका सोबत्याची बदली झाली आणि जाताना तो ते एका डब्यात घालून देऊन गेला. तेव्हा ते बिस्किटाएवढं होतं, आता जेवणाच्या ताटलीएवढं आहे. कानामागे लाल पट्टा असलेली ही परदेशी जात. देशी कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि परदेशी ठेवायचं तर सरकारदरबारी नोंद करावी लागते. ज्या जिल्ह्यात वाघ कोणालाही न विचारता रस्ता ओलांडतो, तिथं कासवासाठी अर्ज भरताना आपण फार शिस्तीचे नागरिक आहोत असं वाटतं. अर्जात लिंगाचा रकाना होता. नवऱ्यानं ‘नर’ लिहून टाकलं.

“कशावरून?” मी विचारलं.

“दिवसभर पडून राह्यते, खाते, अन् जागेवरून उठवलं की रागावते.”

पुरावा मला पटला. तेव्हापासून तो भाऊ.

नवरा कोळशाच्या खाणीत पंप फिटर आहे. खाणीत झिरपणारं पाणी उपसून बाहेर टाकणं हे त्याचं काम, त्यामुळे भाऊची टाकी म्हणजे त्याला घरातच मिळालेली छोटी खाण. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या, स्पंज, गिट्टी आणि एक छोटा पंप एवढ्यात त्यानं गाळणी बनवली. तिच्यात घालायला खास प्रकारचा कोळसा लागतो. आमच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर रोज कोळसा बसतो, पण टाकीला चालणारा कोळसा नागपूरहून मागवावा लागतो. नळाचं पाणी ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवायचं, दर रविवारी निम्मं पाणी बदलायचं, भाऊनं बसायला ठेवलेली फरशी घासायची. हे सगळं नवरा ड्यूटीसारखं करतो. त्याचा स्वतःचा टॉवेल मात्र गेली वीस वर्षं मी वाळत घालते.

तर भाऊनं खाणं सोडलं. सुका झिंगा म्हणजे त्याचा जीव की प्राण, तोही नाकासमोरून वाहत गेला. दिवसभर काचेवर पाय खरडायचा, फरशीवर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा.

नवऱ्यानं पाण्यात बोट बुडवलं. “चहा झाला इथी. ऊन लागलं त्याले.”

टाकी उचलून कूलरसमोर आणली. फरशीवर येणारं खिडकीतलं ऊन ओल्या बारदानानं झाकलं. बर्फाची बाटली पाण्यात तरंगू लागली. चार दिवसांनी भाऊ अधिकच बेचैन झाला, तेव्हा नवऱ्याला पाण्यावर संशय आला आणि तो दिवसातून दोनदा पाणी बदलू लागला. अकरा दिवस पोटात काही नाही. बाराव्या दिवशी सकाळी भाऊनं मान आत घेतली आणि मी टिचकी वाजवली तरी बाहेर काढली नाही. मग मी म्हटलं, “अजी, आता पंप ठेवा खाली. डॉक्टरकडे चला.”

चंद्रपूरला जनावरांचे एक डॉक्टर आहेत. मुख्यतः गायी-म्हशी बघतात. आम्ही भाऊला ओल्या फडक्यात गुंडाळून टोपल्यात घातलं आणि सकाळच्या बसनं गेलो. डॉक्टरांनी त्याला उलटंसुलटं केलं, पुढची नखं पाहिली, मागच्या पायांच्या मधे बोटानं चाचपलं आणि एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर पांढरे लांबट गोळे दिसले. एकमेकांना चिकटून, डब्यात भरल्यासारखे.

“याले भाऊ कोणं म्हणलं?” डॉक्टर म्हणाले. “नराची नखं लांब राह्यते. ही बाई हाय. सात अंडे हायेत पोटात.”

नवरा फिल्मकडे बघत राहिला. “पण साहेब, टाकीत तं दुसरं कोणीच नाई.”

“कोंबडी देत नाई का कोंबड्याबिगर? पिल्लू नाई निघत त्यातून, पण अंडं तं बाहेर आलं पाह्यजे ना. पोटात राह्यलं तर सडते, अन् मग ही मरते.” मग त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं. “कुठी ठेवली होती इले?”

मी सांगितलं, कूलरसमोर. बर्फसुद्धा.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. “चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात जनावर गारठवणारे तुम्ही पयले.”

तिला ऊन हवं होतं. ऊन आणि रेती, हातभर खोल, थोडी ओलसर, म्हणजे मागच्या पायांनी खड्डा करता येईल. ती काचेवर इतके दिवस खड्डाच करू बघत होती. डॉक्टरांनी चार दिवस दिले. चार दिवसांत अंडी आली नाहीत तर नागपूरला नेऊन इंजेक्शन, आणि तेही लागू पडेलच असं नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघं एकदम बोलत होतो. भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त काहीतरी वाटत होतं. आठ वर्षं आपल्या घरात कोण राहतंय हेच आपल्याला माहीत नव्हतं! नवरा टोपल्यावर पदर धर म्हणून तीनदा बोलला आणि चौथ्यांदा मीच काढून घेतला, कारण आता तिला ऊन हवं होतं.

प्रश्न रेतीचा होता. आमच्याकडे कोळसा उघड्यावर पडलेला असतो, पण रेती लोक ताडपत्रीखाली झाकून, भोवती काटे लावून ठेवतात. शेजारी एक निवृत्त अधिकारी वरचा मजला बांधत होते, त्यांच्याकडे ढीग होता. हे गृहस्थ फाटकावर स्वतःच्या नावाआधी जुनं पद लिहितात. त्यांच्या दिवाणखान्यात पाण्याच्या ताटात पितळी कासव आहे, तोंड उत्तरेला. आमच्या टाकीतल्या कासवाचं तोंड झिंग्याकडे असतं याबद्दल त्यांनी मला पूर्वी दोनदा समज दिली होती.

“चार घमेले?” ते म्हणाले. “बाई, ही रेती कशी आणली माहीत आहे का?”

“माहीत नाही, आणि विचारणारही नाही,” मी म्हटलं. “कासव बाळंतीण होणार आहे.”

ते आत गेले. मग स्वतः फावडं घेऊन आले आणि सहा घमेले दिले.

जुन्या कूलरचा पत्र्याचा टब अंगणात ठेवला, रेती भरली, पाणी शिंपडलं. सकाळी दोन तास, दुपारी उन्हं कलली की दोन तास, असं तिला आत सोडायचं ठरलं. पहिल्या दिवशी नवरा टबाशेजारी स्टूल टाकून बसला. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो तिच्याकडे. दुसऱ्या दिवशी मी त्याला घरात घातलं. तिसऱ्या दिवशी तिनं एक खड्डा अर्धा केला आणि सोडून दिला. त्या दिवशी नवऱ्याला जेवण गेलं नाही. ऊन लागलं असेल, असं मी म्हणाले नाही.

चौथा दिवस, संध्याकाळचे साडेपाच. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीला नाक लावून उभे होतो. तिनं मागचा उजवा पाय रेतीत घातला, मूठभर रेती बाहेर. मग डावा. उजवा. डावा. एवढ्या नेमानं काम करणारा माणूस मी सरकारी कार्यालयात पाहिलेला नाही. रेती कोरडी लागली की स्वतःच पाणी सोडून ती भिजवायची आणि पुन्हा सुरू. तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवर एक डोकं दिसलं. शेजारी बनियनवर, विटांच्या ढिगावर उभे. हातवारे करून मला खुणावत होते की गप्प राहा, जणू मीच आरडाओरडा करत होते.

मग ती स्थिर झाली. शेपूट हलली.

“आलं!” शेजारी भिंतीवरून कुजबुजले. ती कुजबुज बसस्टँडपर्यंत ऐकू गेली असेल. “बाई, एक आलं! दुसरं! भाऊ, दिसून राह्यलं का तुम्हाले?”

नवऱ्याला काही दिसत नव्हतं. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते जाळीच्या धुळीवर ढकलत होता.

तिनं खड्डा बुजवला, वरून थापटला आणि टबाच्या कडेला जाऊन बसली. आम्ही चमच्यानं रेती काढली. पांढरीशुभ्र, अंगठ्याएवढी अंडी. एक, दोन, पाच, सहा. नवऱ्यानं तळापर्यंत रेती उपसली, मग उपसलेली पुन्हा चाळली. सहाच. शेजारी भिंतीवरून म्हणाले, “डॉक्टरचा एक्स-रे चुकला असंन.” ते उतरून गेले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “उद्यापर्यंत पाहा. नाईतर नागपूर.”

तिला टाकीत सोडलं. झिंगा टाकला. तिनं बघितलंही नाही.

सकाळी नवऱ्याची पहिली पाळी होती. मी डबा भरत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला. खाणीत पंप बंद पडला की तो असा ओरडत असेल.

“अवं! इकडं ये वं! लवकर!”

मी पोळी हातात घेऊनच धावले. टाकीच्या तळाशी सातवं अंडं पडलं होतं, अर्धं फुटलेलं, पाण्यात पिवळा धूर झाला होता. आणि त्या धुरात मान पूर्ण बाहेर काढून ती अंड्याचे लचके तोडत होती.

“स्वतःचंच!” मी म्हटलं.

“खाऊन राह्यली वं,” नवरा म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला होता, कपाळ काचेला टेकलेलं, ड्यूटीची वेळ झालेली. “पाह्य ना, खाऊन राह्यली!”