नारळाच्या नवरीला चष्मा

आमच्या गल्लीत नारळाची नवरी एकच काकू करायच्या. त्यामुळे लग्न कोणाचंही असो, रुखवतातल्या नवरीचा चेहरा तोच असायचा. सोललेल्या नारळावर पांढरा पोस्टर कलर, काजळाचे लांबट डोळे, मण्यांची नथ, शेंडीचा अंबाडा आणि वरून खणाच्या तुकड्याचा पदर. तांदळाने भरलेल्या तांब्यावर ती बसवायची आणि साखरेच्या बंगल्याशेजारी मांडायची. ऐंशीच्या दशकात जळगावातल्या आमच्या भागात बहुतेक लग्नांत हेच होतं. काही वस्तू तर उसन्या मिळायच्या. थर्माकोलचं एक देऊळ इतक्या मांडवांतून फिरलं होतं की त्याचा कळस मूळचा राहिला नव्हता.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी एका दैनिकात मुद्रितशोधक होते. छापखान्यात जुळवून आलेला मजकूर वाचायचा आणि चुका लाल शाईने काढायच्या, हे काम. या कामाला चांगली नजर लागते आणि माझी नजर चष्म्याशिवाय उपयोगाची नव्हती. दोन्ही डोळ्यांना उणे पाच. शाळेत फळा दिसेना तेव्हापासून चष्मा होता आणि झोपेची वेळ सोडली तर तो कधी उतरत नव्हता.

धुळ्याची माणसं मला पाहायला आली त्या दिवशी तो उतरला. मध्यस्थी वडिलांच्या एका मित्राची होती. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा आदल्या दिवशी येऊन सगळं समजावून गेले.

"पोरगी पदवीधर आहे, पगारी आहे, रंग बरा आहे. चष्मा तेवढा तासभर काढून ठेवा."

"अन् नंतर?" आईने विचारलं.

"नंतर ती त्यांच्या घरची. घरच्या माणसाला कोणी परत करतं का?"

दुसऱ्या दिवशी आईने माझा चष्मा काढून पिठाच्या डब्यावर ठेवला. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. सतरंजीवर कोण कोण बसलं आहे ते दिसत नव्हतं. पांढरा शर्ट म्हणजे नवरा मुलगा, एवढं वहिनीने कानात सांगितलं होतं. मुलगा धुळ्यात शाळेत शिक्षक होता, मूळ घर पारोळ्याकडचं. त्याने माझ्या कामाबद्दल दोन प्रश्न विचारले. दोन्ही प्रश्न समजून घेऊन विचारलेले होते. मी शर्टाकडे पाहून उत्तरं दिली.

होकार आला. साखरपुडाही चष्म्याविना झाला. वहिनीने दंड धरून मला पाटावर बसवलं आणि तसंच उठवलं. पाहुण्यांना त्यात लाज दिसली आणि ती त्यांना आवडली.

त्यानंतर माझ्यासमोर प्रश्न एकच होता. हे त्यांना कधी आणि कोणाकडून कळणार? लग्नानंतर कळलं तर उत्तर द्यायला मी एकटीच असणार होते, आणि तेही त्यांच्या घरात. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नानांकडे विषय काढला.

"पत्रिका वाटून झाल्या," नाना म्हणाले. "आता बोललं तर मोडेल."

"नाही बोललं तर?"

"तर निभेल."

मी पत्र लिहायचा विचार केला. पण पत्र त्या घरातल्या थोरल्यांच्या हातात पडणार, ते आबांना बोलावणार आणि आबा सारवासारव करणार. त्यातून माझं म्हणणं काही पोचलं नसतं. आमच्या कचेरीतली रीत मला पाठ होती. चूक पान छपाईला जाण्याआधी सापडली तर दुरुस्ती होते, नंतर सापडली तर दिलगिरी छापावी लागते. दिलगिरीचे मजकूर मी बरेच तपासले होते. त्यांनी कोणाचं समाधान झालेलं पाहिलं नव्हतं.

लग्नात एक जागा अशी असते की जिथे पुरुषांचं काही चालत नाही. ती म्हणजे रुखवत. अक्षता पडण्याआधी नवऱ्याकडच्या बायका येतात, नवरीकडची प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहतात आणि वाटेल ते मोठ्याने बोलतात. बोलणं हा त्यांचा हक्कच असतो. मी आईला सांगितलं, नारळाची नवरी या वेळी मी करते. मला सुईत दोरा ओवता येत नाही हे आईला माहीत होतं. माझं शेवटी लग्नात मन लागलं असं वाटून तिने लगेच दोन नारळ आणून दिले.

पहिली नवरी मी काकूंच्या पद्धतीने केली. बरी झाली. ती खिडकीत वाळत असताना येणारी प्रत्येक बाई म्हणाली, "झाली का नवरी?" ही तू का, असं कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

मग दुसऱ्या नारळावर मी बातमीसारखं काम केलं. आमचे मुख्य उपसंपादक बातमी कापताना एकेक ओळ बोटाने झाकून पाहायचे. ओळ झाकूनही बातमी कळत असेल तर ती ओळ जायची. मी नथ घेतली आणि ठेवून दिली. नथ मी कधी घातली नव्हती, ती नसल्याने माझ्याबद्दलची काहीच माहिती कमी होत नव्हती. अंबाड्याऐवजी शेंडीची एक वेणी घातली. खणाच्या जागी कचेरीत नेसायच्या निळ्या सुती साडीचा काठ लावला. ओठ मिटलेले काढले, कारण मजकूर वाचताना मी तोंड मिटून असते, असं खिळे जुळवणारे आमचे जुळारी म्हणायचे. ते असंही म्हणायचे की चूक सापडली की बाईंची उजवी भुवई वर जाते. म्हणून उजवी भुवई जरा वर. कानाजवळ लाल पेन्सिलीचा तुकडा खोचला.

तरीही ती कोणी तरी दुसरीच होती. माळ्यावरच्या पेटीत माझी शाळेतली जुनी फ्रेम सापडली, तपकिरी, काचा नसलेली. नारळावर ती नेमकी बसली. काड्या दोऱ्याने मागे वेणीला बांधल्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. आता ती मी होते. मला एकदम हलकं वाटलं. पदवीधर, पगारी, रंग बरा, हे माझं वर्णन बरेच दिवस चाललं होतं. त्यात माझा म्हणावा असा हा पहिला तपशील होता. तांब्यावर नारळ ठेवून मी वरून रुमाल टाकला आणि रुखवत उघडेपर्यंत कोणी बघायचं नाही असं बजावलं. आईला त्यात कौतुकच वाटलं.

लग्न मे महिन्यात, सुट्टी लागलेल्या एका शाळेत होतं. पटांगणात मांडव, एका वर्गात नवऱ्याकडच्यांचा जानवसा आणि समोरच्या वर्गात रुखवत. बाकं जोडून त्यावर चादरी घातल्या होत्या. वांग्याच्या भाजीला फोडणी बसली होती आणि तिचा ठसका वर्गापर्यंत येत होता. मी पिवळी साडी नेसून मागच्या बाकावर बसले होते. चष्मा नव्हता, त्यामुळे पुढे जे झालं ते मी मुख्यतः ऐकलं आहे.

वहिनीने रुखवतावर झाकलेली चादर काढली, रुमालही काढला. धुळ्याच्या बायका आत आल्या.

"बंगला चांगला शे," अहिराणीत एक आवाज आला. "पन मुंग्या लागी जातीन."

"अन् लाडू? खावाना शेतस का फेकावाना?"

"आधी खाऊन तर बघा," वहिनी म्हणाली. "मग फेका."

हसणं झालं. पावलं पुढे सरकली आणि थांबली.

"हाई काय व माय!" हा नवऱ्याच्या बहिणीचा आवाज. "नवरीले चष्मा!"

"कानवर पेन्सिलबी शे. पोरेस्नी गंमत करेल दिसस."

"हो, मुलांनीच केली असेल," आई घाईने म्हणाली. तिच्या बांगड्या वाजल्या. ती फ्रेम काढायला गेली असणार.

"आई, राहू दे," मी म्हणाले. "ती मी केली. आणि ती मीच आहे. मला चष्मा आहे, उणे पाचचा. तुम्ही पाहायला आलात तेव्हा काढून ठेवला होता."

बाहेर कोणीतरी मंडपवाल्याला खुर्च्यांसाठी हाका मारत होतं, ते स्पष्ट ऐकू येऊ लागलं.

"काढाले कोनी सांगं?" हा प्रश्न माझ्या होणाऱ्या सासूबाईंचा होता.

आबा तेव्हा मांडवात पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत होते. आईने त्यांचं नाव घेतलं नाही.

"मी काढला," ती म्हणाली. "माझ्या हाताने."

"चष्मानं काही नही, विहीनबाई. पन साखरपुडालेबी लपाडं तुम्ही. मन्हा पोरगाले मी आते काय सांगू?"

सासूबाईंनी मुलीला जानवशाकडे पिटाळलं, भावाला सगळं सांग आणि तो काय म्हणतो ते ऐकून ये म्हणून. ती गेली. मी मनात हिशेब करत होते, वऱ्हाडाची बस परत पारोळ्याच्या रस्त्याला लागली तर नानांना कोण सावरेल.

"आठे लय ती नवरीले," तेवढ्यात एक म्हातारा आवाज म्हणाला. ती नवऱ्याची मोठी आत्या होती. तिला सगळे फुई म्हणायचे. कोणीतरी नारळ तिच्याकडे नेला. दोरा सोडून तिने फ्रेम काढली आणि स्वतःच्या नाकावर चढवली.

"येम्हा काच नही शे, फुई."

"काच नही तरी माले बठ्ठं दिसस. नवरी दिसस, नवरीनी माय घाबरेल दिसस. हाऊ चष्मा भारी शे."

चार-दोन बायका हसल्या. मी त्यात सासूबाईंचं हसू शोधलं. ते नव्हतं.

मग बहीण धावत परत आली. तिला दम लागला होता.

"दादा म्हनस, माले माहीत व्हतं."

"कसं काय?"

"देखाले गयतूत ना आपन, तवयच देखं म्हने. तिन्हा नाकवर दोन्ही बाजूले खळगा व्हता. रोज चष्मा लावस त्याले पडस तसा. दादानी शायाम्हा पोरेस्ना इतला देखेल शेतस."

घरातल्या आम्ही सगळ्यांनी चष्म्याचा विचार केला होता. तो उतरल्यावर नाकावर काय उरतं, हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. पाहुण्यांत ते एकाने पाहिलं आणि पाहूनच होकार दिला होता. मी बाकाला टेकले आणि तेव्हा कळलं की सकाळपासून टेकलेच नव्हते.

"अन् त्या मेल्यानी आपले काहीच सांगं नही!" फुई म्हणाली.

"इचारं ना मी. म्हने, त्याम्हा सांगानं काय शे?"

सासूबाई माझ्या बाकापाशी आल्या. मग म्हणाल्या, "कोठे शे चष्मा?"

तो पेटीत होता. माझ्याबरोबर धुळ्याला जायची पेटी आईने भरली होती आणि चष्मा तिने तळाशी, साड्यांच्या घडीत दडवला होता. तिने एकेक साडी बाहेर काढली. कोणी मदत केली नाही, कोणी घाईही केली नाही. सापडल्यावर तो सासूबाईंनी घेतला, काचा पदराला पुसल्या आणि माझ्या हातात दिला.

"घाल. सप्तपदीले पडशी तं मन्हं नाव जाई."

मी चष्मा लावला. त्यांचा चेहरा मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. उभट, कपाळावर मोठं कुंकू, भुवया जवळ आलेल्या. त्या अजून रागावलेल्या होत्या, पण माझ्यावर नाही. आईकडे वळून त्यांनी विचारलं, "अजून काही लपाडेल शे का? व्हई तं आतेच सांगा."

"नाही हो," आई म्हणाली.

"एक आहे," वहिनी म्हणाली. सगळ्या तिच्याकडे वळल्या. "लाडू खरंच कडक झालेत."

आता सासूबाई हसल्या. त्यांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला. फुईने एक लाडू उचलून बाकावर आपटून पाहिला आणि फुटला नाही असं जाहीर केलं. धुळ्याच्या बायका पुढच्या वस्तूंकडे वळल्या. विणकामाला नावं ठेवू लागल्या, पापडाचा आकार वाकडा म्हणू लागल्या. ते सगळं नेहमीचं होतं आणि ऐकायला फार छान वाटत होतं.

आई तिथेच एका बाकावर बसली. बाक लहान मुलांचं होतं, तिचे गुडघे वर आले. पसरलेल्या साड्यांकडे तिने पाहिलं, पण आवरायला हात लावला नाही. "मला भूक लागली," ती वहिनीला म्हणाली. "कालपासून घास उतरत नव्हता. पोहे उरलेत का बघ."

वहिनीने बशी आणून दिली. पोहे गार झाले होते. दारातून मामाने हाक मारली, मुहूर्त टळतोय, नवरीला पाठवा.

"येते हो," आई म्हणाली. तिने दुसरा घास घेतला. "दोन घास खाऊ द्या. नवरी कुठे पळून जात नाही."