सखाराममास्तरांची पाठ

पाढे म्हणून घेताना सखाराममास्तर आमच्याकडे पाठ करून उभे राहत. ठाण्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत बावीस जणी एका सुरात ओरडत, आणि मास्तर खिडकीबाहेर बघत अचूक सांगत, "यमे, तुझी जीभ घसरली." "डोळे भोळे असतात गं, कान पक्के," ही त्यांची घमेंड.

या पक्क्या कानांनीच मला छळलं. पाढा चालू असताना मी मध्येच गप्प होई आणि मग जिथे थांबले तिथूनच पुढे म्हणू लागे. मला वाटे, बाकीच्याच पुढे पळाल्या. मास्तर न वळताच म्हणत, "गोदे, उभी राहा." महिनाभर मी रोज कान धरून उभी होते.

एकदा मी गप्प झाले आणि मास्तर चिडून वळले. मुलींनी मागाहून सांगितलं, माझे डोळे टक्क उघडे होते, पापण्या फडफडत होत्या, ओठांवर लाळ होती. घरी मला फेफरं येई. शुद्धीवर आणायला आई वहाण हुंगवी. शाळेतलं हे गप्प होणं त्याच दुखण्याचं, हे कुणाच्या ध्यानीच आलं नव्हतं. मास्तरांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलो पोरी," म्हणाले. त्या दिवसापासून ते आमच्याकडे तोंड करून उभे राहू लागले.

मोठा झटका आला की शिकलेली अक्षरंही पुसली जात. मी रडे. मास्तर धूळपाटी पुढे ओढून म्हणत, "कालचं गेलं? जाऊ दे. आज नवं आणू."

आप्पांनी, माझ्या वडिलांनी, बजावलं होतं, यंदा नापास झालीस तर शाळा बंद. परीक्षेला शाळा तपासणारे डिपुटीसाहेब आले. सोळा चोक चौसष्टला मी थांबले.

"साहेब, जरा दम धरा. ती येईल," मास्तर म्हणाले.

"पुढची मुलगी," साहेब म्हणाले.

मी "सोळा पाचे ऐंशी" म्हटलं, तेव्हा पुढची उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी चुलीपाशी. संध्याकाळी मास्तर धूळपाटी घेऊन आमच्या ओटीवर हजर!

"मास्तर, शाळेनं नापास केलीय तिला," आप्पा म्हणाले.

"शाळेनं केली हो. मी कुठं केली?"

 आईनं पाट मांडला. पुढे तीन वर्षं, कल्याणला बदली होईपर्यंत, मास्तर रोज येत राहिले. फेफरं काही गेलं नाही. अक्षरं मात्र राहिली. त्या माणसावर माझा बापाइतका जीव होता.

मास्तर गेल्याचं पत्र कल्याणहून आलं, तेव्हा आप्पांची दृष्टी अधू झाली होती. ते पत्र त्यांना मी वाचून दाखवलं.