ओव्हरड्राइव्ह बसवणारा

मंगळवार पेठेतल्या त्या मिस्त्रीचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या अमेरिकन गाडीचा गिअरबॉक्स गेला होता. त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचा, ओव्हरड्राइव्ह हा वरचा जादा गिअर असलेला, मी शोधून आणला. चारही बोल्टांची भोकं जुळत होती. लांबी सव्वापाच इंच जास्त, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट तेवढा कापायला हवा. क्लचमध्ये बसणाऱ्या दांड्याचे दात मी खडूने खूण करून तीनदा मोजले होते, दहा भरले; सगळी मापं कागदावर लिहून नेली होती.

मिस्त्रीने माझा कागद बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि काळा अंगठा दातांवरून एकदा फिरवला. “दहा. बसतोय.”

“मापं तपासून घ्या,” मी म्हणालो.

“बरोबरच असणार की, पावणं. तुम्ही मोजत बसा, आम्ही तवर बसवतो.”

आबा मोठ्याने हसले. माझ्या बोलण्यावर ते असे कधी हसलेले मला आठवत नाहीत.

दिवसभर मी खोट शोधत उभा होतो. एकही सापडली नाही. संध्याकाळी आबांनी किल्ली त्याला दिली आणि शेजारी बसले. मला ती किल्ली लग्नानंतर मिळाली होती, तीही सूचनांसकट. मी मागे बसलो. जोतिबाच्या रस्त्याला त्याने एक्सलरेटरवरचा पाय अलगद उचलला. ओव्हरड्राइव्ह पडला, वेग तोच राहिला आणि इंजिनाचा आवाज खाली आला.

“आवाज उतरला, कळलं का तुला?” आबांनी वळून विचारलं.

स्पष्ट कळलं होतं.

“नाही,” मी म्हणालो.