आत्याबाईंची सहाण

खुद्द देवाला जिच्यासमोर जरा सावरून बसावं लागत असेल अशी एकच बाई मी आयुष्यात पाहिली आहे, आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. सगळं सासर त्यांना आत्याबाई म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा होता, मळ्यात दोन खोल्या, आणि आतल्या खोलीच्या कोनाड्यात पितळेचा रांगता बाळकृष्ण. पहाटे फुलं तोडायला निघताना त्या त्याला 'दार उघडं टाकून चाललेय, लक्ष ठेव' असं बजावत. कळ्यांवर कीड पडली की दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून जेवत. तिसऱ्या दिवशी आपणच लोण्याचा गोळा पुढे करून म्हणत, 'घे, लय ताणू नये.'

या मळ्यात पोरांना तोटा नव्हता. भाच्यांची पोरं सुट्टीला असत, त्यात आमची लेकही असे; पेठ-सुरगाण्याकडून तोडणीला आलेल्या बायकांची पोरं असत, आणि ज्यांचा नक्की कोणाशी संबंध आहे हे विचारायचं राहून गेलंय अशीही तीनचार असत. एवढी पोरं म्हटल्यावर दिवसभरात कोणी ना कोणी मातीत लोळण घेतलेली असायचीच. पण त्यांना मारणं, कोंडणं, भीती घालणं यातलं काहीही तिथे चालत नसे. एकदा माझ्या मेव्हणीनं आपल्या लेकाला 'गप बस, नाहीतर बाप्पा रागावेल' असं म्हटलं. आत्याबाईंनी हातातला हार खाली ठेवला. "त्याला कशाला मधी ओढतीस गं? तो बिचारा सकाळपासनं कोनाड्यात गप बसलाय. राग तुला आलाय, तुझ्या नावानं सांग." मेव्हणीनं बालमानसशास्त्राचा पत्रव्यवहारानं अभ्यासक्रम केलेला आहे. तिनं तो हार उचलला आणि ओवायला लागली.

त्यांची स्वतःची रीत अशी, की रडणारं पोर उचलून बाळकृष्णासमोर बसवायचं. "रड बाबा, पण ह्याला सांगून रड. कशापायी रडतोस ते त्याला कळाया नको?" मग ते पोर हुंदके देत पहिल्यापासून सांगायला लागे. वासरावर बसू दिलं नाही म्हणून आकाशपाताळ एक केलेला एक मुलगा माझ्यादेखत वासराच्या रंगापर्यंत आला आणि ते तांबडं की काळं यावर आत्याबाईंशी वाद घालत बसला. वासरावर बसायचं राहूनच गेलं. दुपारी बाळकृष्णाला हातरुमालाखाली झोपवलेलं असे. तेव्हा त्या कुजबुजत, "हळू रड, आत्ताच डोळा लागलाय त्याचा." तोंड पूर्ण उघडून आवाज न करता रडणारं पोर मी तिथेच पाहिलं. अशा रडण्यात फार काळ मन रमत नसावं, कारण थोड्या वेळानं त्यानं गूळ मागितला.

एवढ्यानंही भागलं नाही तर शेवटचा उपाय होता सहाण. दगडी सहाण आणि चंदनाचं खोड पोरापुढे ठेवायचं, दोन थेंब पाणी घालायचं आणि म्हणायचं, उगाळ. राग जाईपर्यंत उगाळायचं. ते गंध आधी बाळकृष्णाला लावायचं, आणि मग ज्याच्यावर राग आला त्याच्या कपाळाला. स्वतःला लावून घ्यायचं नाही. त्यामुळे मळ्यात कोणाचं कोणाशी बिनसलंय हे संध्याकाळी नुसती कपाळं पाहून कळत असे. आत्याबाईंचं कपाळ बाराही महिने पिवळं असायचं.

मी या सगळ्याकडे शिकलेल्या माणसाच्या प्रेमळ नजरेनं पाहत असे. माझी पद्धत शास्त्रीय होती. सातपूरच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. आग लागली तर कुठल्या खात्यातली माणसं कुठल्या दारानं बाहेर काढायची हे मी झोपेतसुद्धा सांगू शकतो. त्याच धर्तीवर मी आमच्या रेवासाठी फ्रिजवर तक्ता लावला होता: हट्टाची पूर्वलक्षणं, पहिली पायरी, दुसरी पायरी. पहिली पायरी 'पालकाने शांतपणे दहा अंक मोजावेत' अशी होती. मी मोजायचो. सहाच्या पुढे माझा आवाज चढतो असं बायकोचं म्हणणं आहे. आठाला शेजारचे खिडकी लावून घेतात, हे मात्र मी स्वतः पाहिलंय.

रेवा पाच वर्षांची असताना एका रविवारी आम्ही मिसळ खायला गेलो. तिच्या ताटलीत पापड मोडलेला आला. तिला अख्खा पाहिजे होता. वेटरनं दुसरा आणून दिला. तिला दुसरा नको होता, हाच पापड अख्खा पाहिजे होता. माझ्या तक्त्यात या परिस्थितीची नोंद नव्हती. मी समजावलं, मोजलं, मग पापडाचे दोन तुकडे एकमेकांना जुळवून दाखवायला गेलो, तेव्हा त्याचे पाच झाले. रेवा जमिनीवर आडवी झाली. आजूबाजूच्या टेबलांनी चमचे खाली ठेवले. 'लाडावून ठेवलंय' असं कोणीतरी आपल्या तर्रीकडे बघत म्हणालं, आणि मी तिला मारलं. गालावर, चांगलं जोरात.

रेवा एकदम गप्प झाली. म्हणजे उपाय लागू पडला. इतका लागू पडला, की त्यानंतर तिनं हट्ट करणंच सोडलं. 'बाबा, मी पाणी घेऊ का?' असं विचारून पाणी घ्यायची. जेवताना माझ्या हाताच्या पलीकडे बसायची. मी पंख्याचं बटण दाबायला हात उचलला तरी ती डोळे गच्च मिटून घ्यायची. पंधरा दिवस झाले तरी मिटतच होती. मी घरात हात खाली ठेवून वावरायला लागलो. वरची बटणं बायकोला दाबायला सांगायचो. एके दिवशी मी तिच्यासाठी आईस्क्रीम आणलं, तर ती 'थँक्यू बाबा' म्हणाली. पोटच्या पोरीनं आपल्याशी इतकं नीट वागावं, यापेक्षा मोठा अपघात माझ्या नोकरीतही कधी झालेला नाही.

शेवटी मी तिला मळ्यावर नेलं. आत्याबाई तिच्या मनातली भीती काढून देतील, मी बाहेर खाटेवर बसून चहा घेईन, अशी माझी योजना होती. बायकोनं फोनवर सगळं सांगितलेलंच होतं. आत्याबाईंनी रेवाला फुलांच्या ढिगाजवळ पाठवलं आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, पाय धुवा आन् आत बसा."

आत पाट मांडला होता. पाटापुढे सहाण होती.

"आत्याबाई, मला आता राग नाही आलेला," मी म्हणालो.

"मग भ्या वाटतंय?"

मी दाराकडे पाहिलं.

"भ्या असंल तर त्येबी निघतं. बसा."

मी बसलो. शेहेचाळिसाव्या वर्षी, इस्त्रीच्या पँटमध्ये मांडी घालून, खोड हातात घेतलं आणि जोरजोरात मागे-पुढे घासायला लागलो.

"कोरडं घासू नका. नुसतं खोड झिजतं, हाती काय लागत नाय." त्यांनी पाणी घातलं. "आता त्याला सांगा."

"काय सांगू?"

"पोरीला कुणी मारलं ते."

मी बाळकृष्णाकडे पाहिलं. "त्या दिवशी त्या हॉटेलात खूप गर्दी होती—"

"गर्दीनं मारलं?"

"नाही. पण लोक बघत होते आणि—"

"लोकांनी मारलं?"

"नाही," मी म्हणालो. मग जरा वेळ नुसतंच घासत राहिलो. "मी मारलं."

दाराशी हालचाल झाली. रेवा चौकटीला धरून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती माझ्या हाताकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, खूप दिवसांनी, माझ्याबद्दल स्वच्छ नापसंती होती. "बाबा, असं नाही. गोल फिरवायचं असतं," ती म्हणाली. मला काही जमेना, तेव्हा ती येऊन बसली आणि माझ्या मुठीवर आपला हात ठेवून खोड फिरवायला लागली.

वाटाण्याएवढं गंध निघालं. बाळकृष्णाला लावून झालं. मग मी बोट तिच्या कपाळाकडे नेलं, आणि तिनं डोळे मिटले. माझा हात तिथेच थांबला.

"लावा की," आत्याबाई म्हणाल्या. "गंध लावून घेताना समदेच मिटतात."

ती त्यासाठीच मिटली होती की कसं, हे मला आजही माहीत नाही. मी गंध लावलं. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "गार आहे." परत येताना स्कूटरवर तिनं त्या पापडाचा विषय पुन्हा काढला आणि भर रस्त्यात असं भोकाड पसरलं, की सिग्नलला लोक माना वळवून बघायला लागले. मी घरापर्यंत स्कूटर मुद्दाम हळू चालवली.

आता तो मळा नाही. तिथे बाल्कन्यांच्या इमारती झाल्या आहेत. आत्याबाईंचे गुडघे गेले, तेव्हा मुलगा त्यांना सिन्नरला घेऊन गेला. तिथे बाळकृष्ण टीव्हीशेजारच्या कपाटात बसतो, आणि मालिका सुरू झाल्या की त्या त्याला तोंड फिरवून ठेवतात. जाताना सहाण आणि खोड त्यांनी माझ्या हातात दिलं. कधीकाळी वीतभर असलेलं ते खोड. "बोटभर ऱ्हायलंय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "जपून रागवा."

जपून कसलं, मळ्यातली पोरं पांगली तरी आमच्या घरात ते झिजतच राहिलं, आणि त्यात रेवाचा वाटा थोडा, माझाच जास्त होता. परवा मात्र, अकरा वर्षांच्या रेवाला मी मैत्रिणीकडे राहायला जाऊ दिलं नाही, तेव्हा तिनं खोलीचं दार भिंत हादरेल असं आपटलं. मी बाहेर उभा राहून मोजायला लागलो. सहापर्यंत आलो असेन, तेवढ्यात आतून दगडावर काहीतरी फिरल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिचं नाक अजून लाल होतं. काही न बोलता ती पुढे आली, आणि जरुरीपेक्षा जरा जोरातच तिनं माझ्या कपाळाला बोट टेकवलं. मी डोळे मिटून घेतले होते. गार होतं.

मी सिन्नरला फोन करून हे सांगितलं. आत्याबाईंना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "खोड किती उरलंय?"

"पेरभर असेल."

 मागे टीव्ही चालू होता.

"पुरंल," त्या म्हणाल्या.