धुळ्याजवळच्या वावरातला सडा

आदरातिथ्यापायी उपग्रहावरचं यंत्र नाहक दोषी ठरणार होतं. तो धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून लिहिते.

माझी भाची मेघना हवामान उपग्रहावरच्या इन्फ्रारेड यंत्राची पडताळणी करते. ते वरून जमिनीचं आणि हवेच्या थरांचं तापमान वाचतं. उपग्रह डोक्यावर असताना जमिनीचं हिने खालून मोजायचं. यावल-फैजपूरच्या केळीबागा चालत नाहीत, पाणी पिऊन जमीन थंड असते. कोरडं, उघडं रान हवं. आधीच्या खेपा ढगांनी खाल्ल्या. ही शेवटची, मग यंत्रं परत. जोडीला कोणी नव्हतं, म्हणून मी निघाले.

जळगावहून धुळ्याची सकाळची एसटी धरा, उजवीकडे बसा, ऊन लागत नाही. बायकांना अर्धं तिकीट. पुढे रिक्षाने शेतकरी यमुनाबाईंच्या वावरात; मोजणीची जागा मेघनाने त्यांच्या नवऱ्याशी, आबांशी, आधीच फोनवर ठरवली होती. कपाशी निघून गेलेली, आभाळ लख्ख. दुपारी मोजणी झाली. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाईपर्यंत उपग्रहाचे आकडे आले. त्यांच्यापेक्षा आमची जमीन कितीतरी थंड!

मेघनाने आधी स्वतःचं यंत्र ठाऊक तापमानाच्या काळ्या तबकडीवर धरलं. अचूक.

"म्हणजे उपग्रहच चुकतोय," ती पुटपुटली.

मी यंत्राची तिपाई उचलायला गेले, तर तिचा पाय रुतलेला. वरची माती पांढरी, बोटभर खाली ओल! मी हबकलेच.

"यमुनाबाई, इथे पाणी कुणी मारलं?"

"मीच! पावना येवाव व्हतात, म्हनीसन सकायमाच सडा टाका. मशीन कोठे ठेवतीन, ते आबाले इचारी लिन्हं. धूय नाकमा जाती ना, अक्का!"

"उपग्रह वरून अख्खं कोरडं रान बघतो, मी मोजला हा ओला तुकडा!" मेघना म्हणाली.

"जरा पलीकडे जाऊन मोज की," मी दरडावलं.

"उपग्रह गेला, मावशी. हात दाखवून थांबायला ती एसटी नाही."

"मना सडामुये तुमनं मशीन बिघडनं का?" यमुनाबाईंचा चेहरा उतरला.

"नाही काकू, मशीन ठणठणीत आहे. सांगायला मीच विसरले."

कुणी अशा कामाला निघालात, तर यजमानांना आदल्या दिवशीच बजावा: सडा नको. घरी मी रोज अंगणात सडा टाकते. आता हात थबकतो.

दुसऱ्या दिवशी मेघनाने वरिष्ठांच्या हवाली केलं ते असं: तापमानयंत्र, चालू. काळी तबकडी. तिपाई, पायाला माती तशीच. दुपारची मोजणी, शेरा: "पाणी मारलेली जमीन. उपग्रहाशी ताडू नये."